लग्नवाल्यांचा बॉल

बॉल हरवलाय हे कळलं तो नाताळाआधीचा एक रविवार होता. सकाळी जयवंत विद्याधरच्या ओट्यावर आला, चपला काढल्या, आणि दर वर्षीप्रमाणे आत न बघता हात पुढे करून उभा राहिला. दर वर्षी त्या हातात बॉल पडायचा. या वर्षी काही पडलं नाही, म्हणून त्याने आत बघितलं. विद्याधर माळ्याच्या शिडीवर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर कोळ्याची जाळी लागली होती.

"सापडत नाहीये," विद्याधर म्हणाला.

"काय सापडत नाहीये?"

"बॉल."

जयवंत तिथेच खाली बसला. तो बँकेत होता, आणि वस्तू जागेवर नसली की त्याला खरोखर त्रास व्हायचा.

वसईजवळच्या गिरीज गावात नाताळच्या दुसऱ्या दिवशी लग्नवाले विरुद्ध सडे असा फुटबॉलचा सामना होई. भात कापून झालेल्या शेतात दोन्ही टोकांना पोफळीचे खांब रोवायचे, वरून सुंभाचा दोर बांधायचा, की झालं मैदान. हिंदू, ख्रिस्ती असा भेद सामन्यात नव्हता. लग्न झालंय की नाही एवढंच विचारलं जाई. जयवंत लग्नवाल्यांचा कॅप्टन आणि विद्याधर त्यांचा गोलकीपर. बॉल गोलकीपरच्या घरी राहायचा, किंवा खरं म्हणजे ज्याच्या घरी बॉल तोच गोलकीपर, असा नियम होता. तो कोणी केला ते कोणाला आठवत नव्हतं, पण मोडलाही कोणी नव्हता.

बॉल विद्याधरच्या घरी होता म्हणजे त्याच्या बायकोकडे, प्रेमलताकडे होता. विद्याधरला केळीची बाग सांभाळता येई, बॉल सांभाळता येत नसे. प्रेमलता बॉलला खोबरेल लावी, ऊन दाखवी, आणि सामन्याच्या सकाळी खिडकीतून जयवंतच्या हातात देताना धुऊन परत आणायची अट घाली. एकदा सड्यांनी जिंकल्याच्या आनंदात तो चिखलासकट आणून दिला, तेव्हा तिने तो घरात घेतला नाही. जिंकलेल्या टीमला बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, परत पाठवलं होतं.

प्रेमलता त्या वर्षी श्रावणात गेली. जूनमध्ये टीव्हीवर वर्ल्ड कप चालला होता, तो तिने विद्याधरच्या शेजारी बसून पाहिला होता. गोलकीपर लोक फार उड्या मारतात, तू मारत नाहीस, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ताप आला आणि गेली.

आता घरात काय कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. बॉल शोधताना विद्याधरला पाहुण्यांसाठी ठेवलेले पेले सापडले, दोन वर्षांपूर्वी हरवलेली कैची सापडली, लोणच्याची एक अख्खी बरणी सापडली. माळा झाला, पडवी झाली, सरपणाच्या मागे झालं, कोंबड्यांच्या खुराड्यातही डोकं घालून झालं. जिथे जिथे शोधणं जमलं तिथे त्याने शोधलं.

ही बातमी शांतारामपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शांताराम मिठागरावर मुकादम होता. पन्नाशीला आला होता, लग्न केलं नव्हतं, आणि कधीपासून तरी सड्यांचा कॅप्टन होता. त्याचं दुःख एकच होतं. त्याच्या टीममध्ये चांगला गोलकीपर टिकत नसे. जरा हात बसला की घरचे त्याला मुलगी दाखवत. संध्याकाळी तो विद्याधरकडे आला, चहा प्यायला, प्रेमलताच्या फोटोकडे बघून हात जोडले, आणि म्हणाला,

"विद्याधर, वाईट वाटून घेऊ नको. पन तू आता आमचा."

जयवंत अजून तिथेच होता. "म्हणजे काय? त्याचं लग्न झालंय."

"झालेलं. आता बायको न्हाय, बॉल पन न्हाय. मग लग्नवाल्यांत कशावर उभा राहनार? दुमिंगकाकाचं काय झालं? बायको गेली त्या वर्षी आमच्यात खेळला. पुन्हा लगीन केलं, पुन्हा तुमच्यात."

"दुमिंगकाका देवळात लग्न केलेला माणूस," जयवंत म्हणाला. देऊळ म्हणजे चर्च, हे तिथे वेगळं सांगावं लागत नसे. "त्यांच्यात मरेपर्यंत असं बोलून घेतात. आमच्यात सात जन्मांचं असतं. हा पहिलाच चालू आहे."

"पयला कशावरून? सातवा असंल."

 जयवंतने विद्याधरकडे बघितलं. विद्याधर कपबशा उचलत होता. दोघं आपल्याबद्दल बोलतायत हे त्याला कळत होतं, पण मध्ये काय बोलावं ते कळत नव्हतं. लग्नवाल्यांच्या गोलात उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं कुठे उभं राहिलो तर लोक बघतील आणि त्यांना कळेल, असं त्याला वाटत होतं. लोकांना ते माहीतच होतं, पण तरी वाटत होतं.

शेवटी जयवंतनेच तोड काढली. नियम बॉलचा आहे. सामन्याच्या दिवशी विद्याधरच्या घरातून फुटबॉल निघाला, तर तो लग्नवाल्यांचा. नाही निघाला, तर सड्यांचा. शांतारामने चहाचा दुसरा कप मागितला, म्हणजे त्याला ते मान्य होतं.

वसईच्या बाजारात तेव्हा सगळं क्रिकेटचं मिळे. फुटबॉल म्हणून दुकानदाराने दाखवला तो रबरी होता आणि त्यावर बदकाचं चित्र होतं. जयवंत म्हणाला, मी ऑफिसातून निघून मुंबईत धोबीतलावला, खेळाच्या दुकानांत, जातो आणि आणतो. ते कुंपणापलीकडून रोझमेरीने ऐकलं.

रोझमेरी विद्याधरची शेजारीण. तिच्या घरचे लोक जगभर पसरलेले होते आणि नाताळला सगळे घरी येत. ती कुंपणाशी येऊन रागावली. माझी माणसं विमानातून येतात, आणि तू बँकवाल्याला पिशवी देऊन बाजारात पाठवतोस? प्रेमलता असती तर तिने मला आधी सांगितलं असतं. विद्याधर म्हणाला, "तसं नाही, रोझमेरीबाय." पण तिने तोपर्यंत फोनबूथवर जायला साडी बदलायला घेतली होती.

तिने तीन फोन केले. भाऊ इनास अमेरिकेत न्यू जर्सीला, जावई पास्कोल ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, आणि बहीण सिस्टर रिटा आयर्लंडमध्ये मठात. एकाला सांगितलं तर तो विसरतो, म्हणून तिघांना सांगितलं. बूथमध्ये मीटर पळत असतो, त्यामुळे ती जास्त बोलली नाही. प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: "येताना एक चांगला फुटबॉल आण, शेजारच्या विद्याधरला पाहिजे." फुटबॉल सगळ्या जगात असतो. त्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

पहिला इनास आला. बॅगा सोडायच्या आधी त्याने कुंपणावरून एक खोकं दिलं. विद्याधरने ते घरात नेऊन उघडलं आणि बराच वेळ बघत बसला. आतला बॉल तपकिरी होता, चामडं उत्तम होतं, पण दोन्ही बाजूंनी निमुळता होऊन टोकाला आला होता. पोटावर बुटासारखी नाडी होती. सोललेला नारळ शिवून ठेवावा तसा तो दिसत होता.

बाहेरून आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, ही गिरीजमधली रीत होती. साबण वासाला कसाही असो, चॉकलेट वितळलेलं असो, छान आहे म्हणायचं. विद्याधरने कुंपणाशी जाऊन छान आहे असं सांगितलं. मग तो विचार करायला लागला. इनासची बॅग मोठी होती. त्यात रोझमेरीसाठी इस्त्री होती, मिक्सर होता, कपडे होते. एवढ्या ओझ्याखाली बॉल दबणारच.

तो बॉल घेऊन सायकलच्या दुकानात गेला. दुकानदाराने सुई शोधून हवा भरली. बॉल टणक झाला, पण टोकं आणखी टोकदार झाली. दुकानदार म्हणाला, हा आतून वाकलाय, दाबून सरळ करावा लागेल. तेव्हा विद्याधरने घरी येऊन बॉल दोन विटांमध्ये उभा केला, वर फडकं घातलं आणि त्यावर पाटा ठेवला. मिरच्या वाटायचा पाटा गेल्या चार महिन्यांत कोणी हलवला नव्हता. तो जड होता. दुपारभर ठेवला तर गोल होईल असा त्याचा अंदाज होता.

दुपारी इनास गप्पा मारायला आला आणि पडवीत थांबला. "पाट्याखाली काय ठेवलंयस?"

विद्याधरला खोटं बोलता आलं नाही. "बॉल. प्रवासात जरा दबलाय. होईल नीट."

इनासने पाटा उतरवला. बॉल जसा होता तसाच होता. तो हसला नाही, कारण तो बरीच वर्षं अमेरिकेत राहिला होता आणि त्याला याचा अभिमान होता. त्याने समजावून सांगितलं. अमेरिकेत यालाच फुटबॉल म्हणतात. डोक्यावर शिरस्त्राण घालतात, बॉल काखेत धरतात आणि पळतात. समोरचे अंगावर येऊन पाडतात. चार वेळा पडेपर्यंत दहा यार्ड पुढे गेलं की पुन्हा चार वेळा पडायला मिळतं.

"आणि पायाने कधी मारतात?" विद्याधरने विचारलं.

"मारतात ना. अधूनमधून. त्यासाठी वेगळा माणूस ठेवलेला असतो."

"मग बाकीचे?"

"बाकीचे पाडतात."

विद्याधरने छान आहे असं पुन्हा सांगितलं.

दोन दिवसांनी पास्कोल आला. त्याचा बॉल लाल होता, जरा लठ्ठ होता, आणि टोकं बोथट होती. पण लांबटच होता. आता मात्र जयवंतलाही काळजी वाटली. एक बॉल दबेल. दोन वेगवेगळ्या देशांतून आलेले दोन बॉल सारखेच कसे दबतील? थोडा विचार करून त्याने सांगितलं की विमानात वर हवा विरळ असते, त्यामुळे बॉल ताणला जात असावा. ऑस्ट्रेलियाचं विमान कमी उंचीवरून येत असेल, म्हणून हा जरा कमी ताणलाय. विद्याधरला ते पटलं. बँकेतल्या माणसाचं बोलणं त्याला पटायचं.

ते पटलेलं फार टिकलं नाही. पास्कोल जातीने आला आणि म्हणाला, विद्याधरमामा, हा खरा फुटबॉल. मेलबर्नमध्ये एका बाजूला अठरा माणसं खेळतात, मैदान लांबट गोल असतं, आणि टोकाला दोन नाही, चार खांब असतात. मधल्या दोनांतून गेला तर सहा गुण. बाजूच्या दोनांतून गेला तर चुकला, म्हणून एक गुण.

"चुकल्याचा एक गुण?" जयवंतने विचारलं.

"प्रयत्न केला ना."

लग्नवाल्यांसाठी हा नियम चांगला आहे असं जयवंतचं मत पडलं. पण तेवढ्यात कुंपणापलीकडून इनास आला. त्याने लाल बॉल हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हे काय आहे?" पास्कोल म्हणाला, "फुटबॉल." मग त्याने तपकिरी बॉल उचलला आणि विचारलं, "आणि हे?" त्या संध्याकाळी मामेसासरे आणि जावई एकमेकांशी बोलले नाहीत. रोझमेरीने दोघांना एका ताटाला बसवलं, तरी बोलले नाहीत.

शांताराम मात्र रोज येत होता. तो दोन्ही बॉल बघायचा, टोकाला बोट लावायचा, आणि आपल्या बाजूला गोलकीपरला कोणता रंग द्यावा याबद्दल विद्याधरचं मत विचारायचा. सड्यांची जर्सी पिवळी होती. "तुला शोभंल," तो म्हणाला. "तू सावळा न्हायस फार."

सिस्टर रिटा नाताळच्या आदल्या दिवशी आली. ती उंच होती, मोठ्याने बोलत नसे, आणि तिने शाळेत इतकी वर्षं शिकवलं होतं की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राही. तिने पिशवीतून बॉल काढला. तो गोल होता.

विद्याधरने तो दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. पांढरा, गोल, नीट शिवलेला. कुठूनही बघा, गोल. जयवंतने त्याच्या पाठीवर थाप मारली. शांतारामही तिथे होता, त्याचा चेहरा पडला. विद्याधरला चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं, आणि त्याने रोझमेरीकडे सरळ जेवायला मागितलं.

जेवताना इनासने बॉल मांडीवर घेतला. "हा व्हॉलीबॉल आहे," तो म्हणाला. पास्कोलने मान हलवली. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"हा फुटबॉल आहे," सिस्टर रिटा शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे गावोगाव हाच खेळतात. पंधरा जण असतात. हातात घ्यायचा, चार पावलं चालायचं, मग एकदा आपटायचा किंवा पायावर टेकवून परत घ्यायचा. दोरीच्या खालून गेला तर तीन, वरून गेला तर एक."

"सिस्टर," विद्याधरने हळूच विचारलं, "हात कोणी लावायचा? गोलकीपरने ना?"

"सगळ्यांनी."

विद्याधर जेवायचा थांबला. सगळ्यांनीच हात लावायचा, तर गोलकीपर कशासाठी? इतकी वर्षं त्या शेतात फक्त दोन माणसांना हात लावायची परवानगी होती, आणि त्यातला एक तो होता.

शांतारामने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

सामन्याच्या दिवशी सगळं गाव शेताच्या बांधावर बसलं होतं. विद्याधरच्या घरातून तीन बॉल निघाले. जयवंतने ते मधोमध मांडून ठेवले. शांतारामने लोकांसमोर आपलं म्हणणं मांडलं, आणि ते चुकीचं नव्हतं. इनास सांगतो की लाल आणि पांढरा हे फुटबॉल नाहीत. पास्कोल सांगतो की तपकिरी आणि पांढरा नाहीत. सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणतात लांबट बॉल त्यांनी कधी पायाने मारलेला पाहिला नाही. म्हणजे प्रत्येक बॉलच्या विरुद्ध दोन माणसं आहेत. मग विद्याधरच्या घरातून फुटबॉल निघाला असं कसं म्हणायचं?

"आणि बाजूने एक एक माणूस आहे त्याचं काय?" जयवंत म्हणाला.

"ज्याने आनला तो म्हननारच."

बांधावर बडबड सुरू झाली. कोणी सात जन्मांचं काढलं, कोणी दुमिंगकाकाचं काढलं. दुमिंगकाका स्वतः बांधावर होता. त्याने उठून सांगितलं की त्या वर्षी मला कोणी विचारलं नव्हतं, शांतारामने जर्सी अंगात घातली आणि मी खेळलो. मग खाली बसला. विद्याधर तीन बॉलच्या शेजारी उभा होता. त्याच्या अंगात लग्नवाल्यांची जुनी निळी जर्सी होती. बाहीला प्रेमलताने घातलेलं ठिगळ होतं.

सिस्टर रिटाला रेफरी केलं होतं, कारण तिच्याशी कोणी वाद घालणार नव्हतं. तिने शिट्टी वाजवली आणि विद्याधरला विचारलं, "तुम्हाला कोणत्या बाजूने खेळायचंय?"

इतक्या दिवसांत हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.  "मी तिथे उभा राहतो," त्याने आपल्या नेहमीच्या गोलाकडे, केळीच्या बाजूला बोट दाखवलं. "दर वर्षी तिथूनच सुरू करतो."

सिस्टरने थोडा विचार केला. मग तिने निकाल दिला. पहिला अर्धा डाव विद्याधर लग्नवाल्यांचा गोलकीपर. दुसरा अर्धा सड्यांचा. कोणाची तक्रार आहे का? कोणाची नव्हती. शांतारामला अर्धा मिळाला होता, जयवंतला अर्धा राहिला होता.

मग बॉलचा प्रश्न आला. तिघांचाही मान राखायचा म्हणून तपकिरीपासून सुरुवात केली. जयवंतने तो मधोमध ठेवला आणि जोरात लाथ मारली. बॉल समोर न जाता उजवीकडे उडाला, जमिनीवर पडला, आणि तिथून आपल्या मनाने उलट फिरून बावखलात गेला. इनास काठावर उभा राहून इंग्रजीत काहीतरी बोलला. बॉल पाण्यावर तरंगत मधोमध गेला आणि तिथे थांबला. लाल बॉल जरा जास्त टिकला. शांतारामने तो अडवायला पाय पुढे केला, तो त्याच्या टाचेवरून उसळून सरळ वर गेला आणि बांधावरच्या माडाच्या शेंड्यात अडकला. पास्कोल म्हणाला की तिकडे माड नसतात.

उरला पांढरा. तो मात्र ऐकणारा होता. हात चालत होते, त्यामुळे पोट सुटलेल्या लग्नवाल्यांना फार आनंद झाला. कोणी चार पावलं चाले, कोणी चौदा. बॉल आपटायचा कोणालाच आठवत नसे. अर्धा डाव संपायच्या आत जयवंतने समोरच्या गोलात एक गोल घातला, तोही पायाने. सड्यांचा बॉल विद्याधरकडे दोनदा आला आणि दोनदा त्याने तो पोटाशी धरला.

शिट्टी झाली. दोन्ही बाजूंनी गोल बदलायचे होते. विद्याधर सवयीने लग्नवाल्यांच्या मागून पलीकडे चालायला लागला. मधल्या रेषेवर सिस्टरने त्याला थांबवलं.

"तुम्ही कुठे निघालात?"

"बाजू बदलायला."

"तुम्ही आता सड्यांचे. सड्यांचा गोल या अर्ध्यात कोणता?"

विद्याधरने मागे वळून बघितलं. सड्यांचा गोल आता केळीच्या बाजूचा होता. तो जिथे इतका वेळ उभा होता तोच. तो परत गेला आणि त्याच दोन पोफळींच्या मध्ये उभा राहिला. लग्नवाले तिकडे गेले, सडे इकडे आले. शांतारामने त्याच्याकडे पिवळी जर्सी फेकली. विद्याधरने ती खांबाला अडकवली आणि घालायला वेळ नाही असं सांगितलं.

दुसऱ्या अर्ध्यात सड्यांच्या एका पोराने गोल घातला आणि बरोबरी झाली. मग शेवटी शेवटी जयवंत बॉल घेऊन एकटाच पुढे आला. समोर फक्त विद्याधर होता. जयवंत थांबला. एवढ्या वर्षांत त्याने हा माणूस कायम आपल्या पाठीशी पाहिला होता, समोरून कधी पाहिला नव्हता.

"विद्या, मी आहे रे," तो म्हणाला.

"दिसतोयस," विद्याधर म्हणाला.

जयवंतने मारला. विद्याधरने चक्क उडी मारली. वयाच्या मानाने ती बरीच मोठी होती. बॉल त्याच्या बोटांना लागून दोरावरून गेला आणि केळीत पडला. विद्याधर आडवा झाला तो तसाच राहिला. शांताराम धावत आला आणि त्याने त्याला उठवलं. मागून जयवंतही धावत आला, आणि आपला गोल वाचवल्याबद्दल त्याने विद्याधरला मिठी मारली. मग तो गोल आपला नव्हता हे त्याच्या लक्षात आलं, पण मिठी तशीच ठेवली.

निकालावर बांधावर बराच वेळ भांडण झालं. सिस्टरच्या हिशेबात शेवटचा बॉल वरून गेला होता, म्हणून लग्नवाले एका गुणाने जिंकले. पास्कोलच्या मते सड्यांचे चुकलेले फटके जास्त होते, आणि चुकलेल्याला गुण असतो, म्हणून सडे जिंकले. इनासच्या मते कोणीच दहा यार्ड नीट पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे सामना सुरूच झाला नव्हता. शेवटी सगळे जेवायला गेले.

संध्याकाळी रोझमेरी नेवऱ्यांचा, म्हणजे नाताळच्या करंज्यांचा, डबा घेऊन विद्याधरच्या ओट्यावर आली. पांढरा बॉल धुऊन पडवीत खुर्चीवर ठेवला होता. सिस्टरने तो त्याच्याकडेच ठेवायला सांगितला होता.

"असा उघड्यावर नको ठेवू," रोझमेरी म्हणाली. "उंदीर चामडं कुरतडतात. प्रेमलता पावसाळ्यात बॉल कपाटात ठेवायची, तिच्या साड्यांच्या खाली. मला म्हणायची, रोझमेरीबाय, साड्या राहू देत, बॉलला काही झालं तर हे जेवायचे नाहीत."

बोलता बोलता ती थांबली. तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे तो बॉल कपाटातच असणार. विद्याधर, तू सगळं घर शोधलं म्हणालास म्हणून मी तीन देशांत फोन लावले. माझा भाऊ आणि माझा जावई अजून बोलत नाहीत."

"मला माहीत होतं," विद्याधर म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"कपाटात असेल ते."

 रोझमेरीला रागावायचं होतं, आणि तिने तोंड उघडलंही होतं. मग तिने डबा उघडला, एक नेवरी त्याच्या हातात दिली, एक स्वतः घेतली, आणि दोघं ओट्यावर बसून खात राहिली. कुंपणापलीकडे इनास आणि पास्कोल बावखलातला बॉल बांबूने काढत होते. कोणी कुठून ओढायचं हे सांगण्यापुरतं ते बोलायला लागले होते.

विद्याधरने नेवरी संपवली, हात धुतले, आणि पांढरा बॉल खुर्चीवरून उचलून शिंक्यात टांगून ठेवला. कपाट उघडायचं अजून राहिलं आहे.